तुम्ही तिथं होता का?

आत्तार बाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सांगलीला त्यांच्या भाचीच्या घरी भेटायला गेलो. तासाभरात बाईंचे शेवटचे शब्द मला तीन तोंडांतून ऐकायला मिळाले, आणि तिन्ही वेळा वेगळे. एका शेजारणीनं सांगितलं, त्यांनी कलमा म्हटला आणि डोळे मिटले. कोपऱ्यात बसलेले नात्यातले एक चुलते म्हणाले, पाणी मागितलं, दुसरं काही नाही. तिसरे गृहस्थ तर ठामपणे म्हणाले, "शाळा, शाळा म्हणत गेल्या हो!" माझ्या तोंडून न राहवून निघून गेलं, "तुम्ही तिथं होता का?"

गृहस्थांचा चेहरा पडला. पण आतल्या दारात बाईंची भाची यास्मिन उभी होती, बाईंना ती फुफू, म्हणजे आत्या, म्हणायची. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती एकदम हसली आणि म्हणाली, "सर, फुफूच बोलल्यासारखं वाटलं."

तो प्रश्न बाईंचाच होता. मलकापूरच्या शाळेत आम्ही एकोणीस वर्षं एकत्र नोकरी केली, त्या इतिहास शिकवायच्या आणि मी गणित. दोघंही माण तालुक्याकडचे, त्या खुद्द म्हसवडच्या, मी शेजारच्या वाडीवरचा धनगराचा. त्यामुळं स्टाफरूममध्ये आमची खुर्चीला खुर्ची. आणि या एकोणीस वर्षांत मी कुठलीही बातमी आणली की बाई चष्म्यावरून बघत विचारणार, "कोळेकर, तुम्ही तिथं होता का?"

त्यांचे प्रश्न एकूण तीन. सांगतंय कोण? तो तिथं होता का? आणि सांगून त्याला काय मिळणार? या तीन प्रश्नांतून बातमी पार पडली की तिला शिक्का मिळायचा. शिक्केही तीनच, पक्कं, बरं आणि कच्चं. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर त्या गुणांच्या शेजारी हेच लिहायच्या. मंडईत टोमॅटो हातात घेऊनही हेच म्हणायच्या, तिथं निदान ते शब्द शोभायचे. लिहायच्या मात्र नेहमी पेन्सिलीनं. पेन का वापरत नाही विचारलं तर म्हणायच्या, "उद्या खोडावं लागलं तर?"

एकदा परीक्षा पुढं ढकलल्याची आवई उठली. तीन शिक्षक तीन दिशांनी तीच बातमी घेऊन आले. मुख्याध्यापक नोटीस काढायच्या बेतात होते. बाईंनी तिघांना आपापले शब्द कागदावर लिहायला लावले. तिन्ही कागदांवर शब्दाला शब्द एकच वाक्य, शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

"तोंडं तीन आहेत, साक्षीदार एकच," बाई म्हणाल्या. "तिघांनी एकच व्हॉट्सअ‍ॅप वाचलंय." परीक्षा ठरल्या दिवशीच झाली. ते तिघं आठवडाभर बाईंशी बोलत नव्हते, आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

या बाईंच्या घरी कपाटात एक जाडजूड वही होती, आणि ती शाळेसाठी नव्हती. तिच्या पहिल्या पानावर पैगंबरांच्या पहिल्या पत्नीबद्दल एकच प्रश्न होता: लग्नाच्या वेळी हजरत खदिजांचं वय किती होतं?

याचं मूळ म्हसवडच्या बाजारात होतं. बाईंची आई आठवडी बाजारात बांगड्या घेऊन बसायची. बाजारात बसणारी बाई म्हणून कुणी नाक मुरडलं की ती मुलीला सांगायची, "हजरत खदिजा पण व्यापारीच होत्या. उंटांचे तांडे पाठवायच्या. पैगंबर त्यांच्याच कामावर होते, आणि त्यांचा सचोटीचा स्वभाव बघून लग्नाचा निरोप त्यांनीच धाडला." खदिजा तेव्हा चाळीस वर्षांच्या विधवा आणि पैगंबर पंचवीसचे, पुढं त्यांना सहा मुलं झाली, हे घराघरांत माहीत असलेलं. पण आठ-नऊ वर्षांच्या जुबेदानं बोटं मोजून विचारलं, "मग सहा लेकरं त्याच्या पुढं झाली व्हय?" आईनं तिला एक रट्टा दिला. "तो रट्टा पक्का," बाई मला हसत सांगायच्या, "मी तिथं होते."

पुढं त्या उर्दू शिकल्या, भाषांतरं मागवून वाचली. तेव्हा कळलं की जुन्या लोकांतही एकवाक्यता नाही. बहुतेक चाळीस सांगतात, काही जुन्या कथनांत अठ्ठावीस येतं, काही मधलंच काहीतरी सांगतात. लग्न लावून द्यायला खदिजांचे वडील होते की ते आधीच वारले होते आणि चुलते उभे राहिले, यावरही मतभेद. मी गणिताचा माणूस, मला उत्तर एकच लागतं. मी वैतागून म्हणायचो, "अहो, सरासरी काढा आणि मोकळ्या व्हा!" त्यावर त्या खरोखर रागवायच्या. "त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत मला," त्या म्हणायच्या, "म्हणूनच त्यांच्या बाबतीत वाटेल ते बोलून चालणार नाही." हजरत खदिजांचं नाव घेताना त्यांचा हात आपसूक पदर सारखा करायचा, आणि पुढच्याच क्षणी त्या एखाद्या कथन करणाऱ्याला कच्चा ठरवायच्या. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पुढं पुढं मलाही वाटेनासं झालं.

मोहल्ल्यातले मौलाना वयानं लहान, बाईंच्या धाकट्या भावासारखे. बाईंनी त्यांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, "आपा, चाळीस हेच मशहूर आहे."

"मशहूर आहे हे मान्य. पक्कं आहे का?"

चार दिवसांनी मौलाना स्वतः घरी आले, हातात किताब, दुसरं कथन सापडलेलं पान दुमडून आणलेलं. तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. दोघं मिळून एकेका नावाच्या मागं लागायचे, याला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं. मधे मी बसलेलो असायचो, माझ्या वाट्याला चहा यायचा.

तो चहा यास्मिन करायची. ती बाईंच्या भावाची मुलगी. आईवडील दोघंही गेलेले, लग्न झालं आणि नवराही अपघातात गेला, तेव्हा बाईंनी तिला मलकापूरला आणलं. बाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. यास्मिन कराडला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागली आणि त्या दोन खोल्यांत फुफू-भाचीचा संसार सुरू झाला. बाईंचं औषध, बाईंचा चष्मा, बाईंचा न जेवता वाचत बसण्याचा हट्ट, सगळं तीच सांभाळायची.

लॅबच्या इमारतीची पाण्याची मोटर जळाली आणि ती भरायला, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळायला, सांगलीचा इरफान आला. मोटर एकदाच जळाली होती, इरफान मात्र पाच-सहा वेळा येऊन गेला. मग त्याच्याकडून लग्नाचा निरोप आला. इरफान एकतीसचा, अविवाहित. यास्मिन विधवा, शाळेच्या दाखल्यावर छत्तीसची. त्याची आई हलिमाबी पहिल्यांदा नको म्हणाल्या, मग महिनाभर विचार करून तयार झाल्या. कारण काय, तर हजरत खदिजा.

त्याच सुमारास पैगंबरजयंतीचा महिना आला. मोहल्ल्यातल्या बायकांच्या कार्यक्रमात बाईंचं भाषण ठरलं, विषय खदिजांचं चरित्र. हलिमाबी सांगलीहून मुद्दाम आल्या. मी तिथं नव्हतो. माझी बायको सुनंदा यास्मिनच्या आग्रहावरून गेली होती आणि पुढचं सगळं तिच्याकडून आलेलं आहे. तिला यात मिळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ते पक्कं धरतो.

सगळ्यांना वाटलं होतं बाई चाळीस म्हणतील आणि सोयरीक त्याच मांडवाखाली पक्की होईल. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाळीस की अठ्ठावीस, मला माहीत नाही." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाई पुढं म्हणाल्या, "सगळ्यांनी सांगितलेलं एवढंच, की त्या विधवा होत्या, स्वतःचा व्यापार करत होत्या, निरोप त्यांच्याकडून गेला. आणि जवळजवळ सगळे म्हणतात त्या वयानं मोठ्या होत्या. एवढं आपल्याला पुरे नाही का? वयाचा आकडा कसा चुकतो, सांगू? ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करा."

निम्म्या खोलीचे हात वर गेले. आपल्याकडं शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे, हे सगळ्यांना ठाऊक. हलिमाबींचाही हात वर होता. हशा पिकला. बाई रंगात आल्या, आणि वर्गात दाखला द्यावा तशा बोलून गेल्या, "आता आमच्या यास्मिनचंच बघा. दाखल्यावर छत्तीस, तारीख एक जून. पण तिच्या जन्माला मी घरात होते. दहावीचा भूगोलाचा पेपर देऊन आले आणि वहिनीला कळा सुरू झालेल्या. पाणी मी तापवलं. हिशेब करा, ती एकोणचाळीसची आहे."

हशा थांबला. हलिमाबींनी हात खाली घेतला. सुनंदा सांगते, त्या शांतपणे उठल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "पाच वर्सं मी मनाला समजावली हुती, बाई. आता आठ म्हनता?" दुसऱ्या दिवशी सांगलीहून निरोप आला: सध्या थांबू या.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा यास्मिन भाजी निवडत होती. रडली नव्हती, बाईंवर चिडलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "फुफू, तुमच्या वहीत माझंपण एक पान करा की."

बाईंनी ते आधीच केलं होतं. वही त्यांनी माझ्याकडं सरकवली. सांगतंय कोण: जुबेदा. तिथं होती का: होय. सांगून काय मिळणार: याच्यापुढं कोरं. मी बघत असतानाच बाईंनी वही परत ओढली, पेन्सिल उचलली आणि लिहिलं, "यास्मिन माझ्याजवळ राहील."

मी म्हणालो, "बाई, असं काय मनात आणता? तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"दुसरं कुणी असं सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, कोळेकर? ज्याचा फायदा त्याचीच साक्ष. कच्चं म्हणाले असते." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार शोधायला हवा. बायजाक्का आहे का हो अजून?"

बायजाक्का म्हणजे आमच्या वाडीवरची सुईण. म्हसवडची निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. रविवारी आम्ही दहिवडीला गाडी बदलून म्हसवडला गेलो, तिथून वाडीवर चालत. वाटेत बाईंनी मला बजावलं, "आपण आकडा बोलायचा नाही. आपण सांगितलं की ती तेच सांगेल." म्हातारी ओसरीवर लोकरीचा गुंता सोडवत बसली होती.

"कोन गं? बांगडीवालीची जुबी न्हवं?"

"व्हय आक्का, जुबीच." म्हसवडची वेस ओलांडली की बाईंची शाळेतली भाषा गळून पडायची. "आमच्या वैनीची बाळंतपणं तुमी केली न्हवं? सांगा की, कवा कवा झाली."

"दोन केली. पयलं पोरगं. तू कसला पेपर दिऊन आलीवतीस, हाताला शाई तशीच, आन पानी तापवाय बसलीस. लय रडलं त्ये पोरगं. सातव्या दिशी गेलं. तुजी वैनी चार म्हैनं बोलली न्हाई. मग तुज्या आयनंच सांगितलं, ह्या घरात त्येचं नाव काडायचं न्हाई."

बाईंचा हात वहीवर थांबला होता. मग त्यांनी विचारलं, "आन यास्मिन?"

"ती मागनं, तीन वर्सानं. जत्रंत सिद्धनाथाचा रथ झाला त्येच्या दुसऱ्या दिशी. तवा तू कुटं हुतीस? साताऱ्याला मास्तरीन व्हाय गेलीवतीस. तुला कारड टाकलं."

"तीन वर्सं कशावरनं?"

"माजी रखमी आन त्ये पोरगं एकाच म्हैन्यातलं. यास्मिन झाली तवा रखमी माजा पदर धरून दारात हुबी हुती, तीन वर्साची."

बाईंनी सवयीनं विचारलंच, "आक्का, तुमी सोता तितं हुता का?"

"मी न्हवते तर काय तुजा बा हुता बाळंतपन कराय?" म्हातारी कडाडली. "लय शिकली म्हनं! बस, चा घे."

परतीच्या गाडीत बाई दहिवडीपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग वही काढली, आपल्या नावासमोरचं "होय" नीट खोडरबरानं पुसलं, बोटानं कचरा झटकला. "मी तिथं होते, कोळेकर," त्या म्हणाल्या. "फक्त ते बाळ वेगळं होतं. त्याचं नाव काढायचं नाही म्हटल्यावर ते रडणं मी कुठं ठेवलं असेल? हिच्यावर नेऊन ठेवलं." पुढं म्हणाल्या, "भावाच्या मुलाला विसरले मी. आणि हिला घरातून जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून तिचं वय वाढवलं का, तेही मला माहीत नाही. ते कळायला साक्षीदारच नाही."

मला त्या क्षणी बाईंबद्दल जी माया वाटली ती सांगायची माझी छाती झाली नाही. मी शेंगदाण्याची पुडी पुढं केली, त्यांनी चार दाणे उचलले.

दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून बाई सांगलीला गेल्या, एकट्या. तिथं काय झालं याच्या दोन बातम्या आहेत. इरफान सांगतो की अम्मी पहिल्यांदा दारातच म्हणाल्या, "काल तीन वर्सं जास्त, आज तीन कमी, उद्या काय सांगाल? मला आकडा नको." स्वतः हलिमाबी मला म्हणाल्या, असं काही मी बोलले नाही, मी फक्त रडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाईंनी सगळं सांगितलं, सात दिवसांचं बाळ, कार्ड, आपला फायदा कशात होता तेसुद्धा. "आपली चूक सांगाया यवड्या लांब आलेली बाई मी बगितली न्हवती, सर. म्हटलं, हिच्या हाताखाली वाडलेली पोरगी घरात येऊ दे." चहा दुसऱ्यांदा टाकला गेला, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

निकाह मलकापूरलाच झाला. मौलानांनी वधूचं वय विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "छत्तीस लिहा. दाखला माझ्यापेक्षा खरा निघाला." आणि पुढच्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण सुरू करण्याआधी त्या उभ्या राहून म्हणाल्या की गेल्या साली मी इथं एक चुकीची गोष्ट सांगितली, ती माझ्या डोळ्यांनी बघितलेली म्हणून सांगितली, आणि ती कच्ची होती. मग त्यांनी त्या बाळासाठी दुवा मागितली. सुनंदा म्हणते, खोलीत एकही डोळा कोरडा नव्हता. हे जरा वाढवून सांगते ती, पण बरं धरायला हरकत नाही.

यास्मिन गेल्यावर बाईंच्या घरचा चहा बाईच करायच्या आणि तो वाईट असायचा. औषधाची वेळ चुकायची. मी जाऊन बसायचो, वही उघडायचो, पण बाईंचं मन आता त्या पहिल्या पानावर फारसं नसायचं. कधी मधेच विचारायच्या, "आमच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात. सातव्या दिवशी गेलं म्हणजे त्याचं नाव ठेवलं असेल का हो?"

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. यास्मिनला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. बाईंनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला, कारणाच्या रकान्यात लिहिलं, "हजर राहण्यासाठी." मी त्यांना गाडीवरून कराडच्या स्टँडवर सोडलं. मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घट्ट धरून त्या मागं बसल्या होत्या. दवाखान्यात गरम पाणी मिळतं, असं मी दोनदा सांगून बघितलं. "असू दे," त्या म्हणाल्या.

सांगलीची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकी मिळाली. गाडी सुटायला लागली तशा त्या काचेतून ओरडल्या, "कोळेकर, घड्याळ पुढं आहे का हो तुमचं? किती वाजले, बरोबर सांगा!" मी सांगितलं. त्यांनी आपलं घड्याळ काढून जुळवलं आणि हसल्या.

बाई वेळेत पोहोचल्या. खोलीच्या दारात उभ्या होत्या, रडणं ऐकल्याबरोबर त्यांनी वेळ तळहातावर लिहिली, मुलगी, पाच वाजून बारा मिनिटं. हे यास्मिन सांगते आणि ती पक्की साक्षीदार आहे. त्या रजा वाढवून तिथंच राहिल्या, आणि दोन महिन्यांनी तिथंच गेल्या. वही यास्मिननं मला दिली. पहिल्या पानावरचा प्रश्न अजून तसाच आहे. शेवटच्या पानावर त्या बाळाचं एक पान आहे, नाव: माहीत नाही, दिवस: सात, आणि खाली, "मी तिथं होते."

त्यांचे शेवटचे शब्द कोणते, ते मला सांगता येणार नाही. मला शेवटच्या दिसल्या त्या त्या खिडकीत, घड्याळ जुळवून हसताना. सांगतंय कोण, तर कोळेकर. तिथं होतो का, तर होतो. सांगून मला काय मिळणार? मला त्या हसऱ्याच आठवायला हव्यात. तेव्हा बाईंच्या हिशेबानं हे कच्चं धरावं लागेल.